काउंटरवरची माया

त्या दिवशी आमच्या घरची लाइट गेलेली नव्हती. पंखा फिरत होता, फ्रिज गुरगुरत होता, आणि मी मात्र वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात ‘घरी लाइट नाही’ अशी तक्रार नोंदवायला टोकन घेऊन बसलो होतो. बरोबर भडंगाची पुडीही नेली होती, कारण नंबर यायला वेळ लागणार हे ठाऊक होतं. तिथं बसलेली बाकी सगळी मंडळी कपाळाला आठ्या घालून होती. मी तेवढा एकटा खुशीत होतो.

माझा नंबर लागला. काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“या सर, बसा. उन्हातून आलात ना? आधी पाणी घ्या.”

“लाइट गेलीय,” मी म्हणालो.

“अरेरे. घरी कुणी आजारी, वयस्कर माणूस वगैरे नाही ना?”

“नाही. दुपारभर मी एकटाच असतो.”

हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते नाटक नव्हतं. त्या पुढं झुकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “एकट्यानं उकाड्यात बसून राहायचं म्हणजे फार वाईट हो. मी आत्ता वायरमन पाठवते. तुम्ही अजिबात काळजी करू नका.” मग त्यांनी तक्रार लिहून घेतली, मला पावती दिली, आणि देताना माझ्या हातावर क्षणभर हात ठेवला.

त्या बाईंचं नाव वृषाली. ती माझी बायको आहे. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली. घरी ती मला ‘अरे’ म्हणते, आणि हल्ली तेही फारसं नाही. काउंटरवर आलेल्या नातेवाइकालाही ‘सर’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचं, असा कंपनीचा नियम आहे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. तिथं ती माझ्याकडे बघत होती, एवढं मला पुरत होतं.

मी धैर्यशील मोहिते. सांगलीत विश्रामबागेतल्या एका ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवतो. सकाळी तास, दुपारी घर. मुलगी ऋजुता बंगळूरला शिकते. म्हणजे घरात आम्ही दोघंच, आणि त्यातली एक दिवसभर ‘कृष्णातीर वीज वितरण’च्या तक्रार केंद्रात.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली सगळीकडे यंत्रं बोलतात, मग तक्रार केंद्रात माणसं कशाला? कंपनीलाही तसंच वाटलं होतं. त्यांनी एकदा सगळी माणसं उठवली आणि गोड आवाजाची यंत्रं बसवली. लोक यंत्रांवर ओरडायचे, यंत्र शांतपणे ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो’ म्हणायचं, आणि लोक आणखी पेटायचे. शेवटी एका गल्लीनं येऊन दोन यंत्रं फोडली. तेव्हा वरच्यांच्या लक्षात आलं की लाइट गेलेल्या माणसाला नुसती लाइट नको असते. त्याला कुणावर तरी ओरडायचं असतं आणि ते समोरच्याला लागलेलं बघायचं असतं. त्याला माणूसच लागतो. अशा रीतीनं बाकीच्या पुष्कळ नोकऱ्या बुडाल्या, पण शिव्या खायची नोकरी शाबूत राहिली.

ती वृषालीच्या वाट्याला आली. शिव्या खायच्या आणि हसायचं. हसण्याला गुण होते. डोक्यावरचा कॅमेरा प्रत्येक हसण्याला गुण द्यायचा, आणि हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही तर कापायचा. पहिलं वर्ष तिनं रेटलं. दुसऱ्या वर्षी सकाळी निघायच्या आधी तिला उलट्या व्हायला लागल्या. अंगावर चट्टे उठायचे. संध्याकाळी स्कूटर खाली लावून ती तिथंच पायऱ्यांवर बसून राहायची, वर यायचं त्राण नसायचं म्हणून. एकदा जेवताना ऋजुता म्हणाली, “आई, भाजी तिखट झालीय.” वृषालीनं ताटावरून मान न उचलता उत्तर दिलं, “आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” आम्ही दोघं हसायला गेलो, पण तिनं ते थट्टेत म्हटलेलं नव्हतं.

मात्र त्या दिवसांतही झोपताना ती माझ्या पाठीला कपाळ टेकवायची. बोलायची नाही. कपाळ गरम असायचं आणि ते मला झोप लागेपर्यंत तिथंच असायचं.

मग टिकली आली.

कंपनीनं तिला दिलेलं नाव ‘समभाव’. पण ती कानामागं चिकटवायची, दिसायला कपाळाच्या टिकलीएवढी, म्हणून सगळे तिला टिकलीच म्हणायचे. ती काय करते हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवतो, तसंच इथं सांगतो.

आपण समजतो की भावना आधी मनात येते आणि मग अंगात उतरते. बरंचसं उलटंही असतं. मेंदू कवटीच्या अंधारात बंद असतो. अंगात काय चाललंय याच्या बातम्या त्याला मज्जातंतूंवरून येतात आणि त्यांवरून तो अंदाज बांधतो. छाती धडधडतेय, हात गार पडलेत, समोर कुत्रा आहे. म्हणजे आपण घाबरलोय. या बातम्यांचा मोठा रस्ता म्हणजे व्हेगस नावाचा मज्जातंतू. तो मेंदूच्या बुडातून निघतो, गळ्यातून छातीत आणि तिथून पोटात जातो. त्याची एक बारीक फांदी कानापाशी येते. टिकली त्या फांदीला विजेचे अगदी हलके ठोके देते, इतके हलके की जाणवतही नाहीत. काउंटरवरचा कॅमेरा समोरच्या माणसाचा चेहरा वाचतो आणि कोणते ठोके द्यायचे ते टिकलीला कळवतो. बाईंचा श्वास संथ होतो, गळा सैल पडतो, छातीत ऊब येते. मेंदू बातम्या वाचतो आणि ठरवतो की मला या माणसाबद्दल माया वाटतेय. मेंदूनं एकदा तसं ठरवलं की ती वाटतेच. पुढं त्यात खोटं असं काही राहत नाही.

यामागचा विचार वाईट नव्हता. दाखवायचं एक आणि वाटायचं दुसरं, ही तफावत माणसाला पोखरते. कामापेक्षा जास्त पोखरते. यावर पूर्वीपासून अभ्यास झालेला आहे. कंपनीनं तफावतच काढून टाकली. जे दाखवायचं तेच वाटायला लावलं. वृषालीच्या उलट्या थांबल्या. चट्टे गेले. ती गाणं गुणगुणत कामाला जायला लागली. मी देवापुढं पेढे ठेवले होते.

पण शरीर फार हिशेबी असतं. जे बाहेरून मिळतं ते घरी बनवणं ते बंद करतं. दिवसभर एसीत बसून बाहेर आलं की सांगलीचं नेहमीचंच ऊन जास्त भाजतं, तसं काहीसं. संध्याकाळी सहाला टिकली काढून डबीत ठेवली की वृषालीच्या आतलं सगळं गार पडायचं. तक्रार केंद्रातल्या बायका त्याला ‘उतार’ म्हणायच्या. पहिल्यांदा उतार तासाभरात जायचा. मग झोपेपर्यंत राहायला लागला. मग सुट्टीच्या दिवशीही.

ती रागावायची नाही, भांडायची नाही. स्वयंपाक करायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. मी कॉलेजातली गंमत सांगितली की माझं वाक्य संपेपर्यंत थांबून “हो का” म्हणायची. ऋजुतानं फोनवर मला विचारलं, “बाबा, आई माझ्यावर नाराज आहे का?” मी म्हणालो, दमलीय गं. कपाळ पाठीला टेकवणं केव्हा बंद झालं ते मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की ते बरेच दिवस झालेलं नाही.

शेवटी मी विचारलंच. ती कपडे घडी करत होती.

“माझ्यावर प्रेम आहे ना तुझं?”

“आहे,” ती म्हणाली. हातातल्या शर्टाची बाही सरळ केली. “मला माहीत आहे की आहे. फक्त जाणवत नाही रे. आपल्या गावाचं नाव माहीत असतं ना, तसं माहीत आहे.”

तिनं शर्टाची घडी पूर्ण केली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. घरात दोन माणसं असताना इतकं एकटं वाटू शकतं, हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी आमची लाइट खरोखरच गेली. कंपनीचा फोन लागेना, म्हणून मी तक्रार केंद्रात गेलो, आणि योगायोगानं वृषालीच्याच काउंटरवर माझा नंबर लागला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही वेळ तक्रार काय ते विसरलो. कॉलेजात असताना लायब्ररीच्या पायऱ्यांवरून ती बघायची, तसं ती बघत होती. मी घरी चालत आलो आणि वाटेत चक्क गाणं म्हटलं.

मग पुढच्या आठवड्यात लाइट नसतानाची तक्रार लाइट असताना केली. मग त्याच्या पुढच्या. कधी दाब कमी आहे, कधी मीटर आवाज करतोय. तिच्याच काउंटरवर नंबर लागावा म्हणून कोणत्या वेळी जायचं याचाही मी अभ्यास केला. एवढा अभ्यास मी माझ्या परीक्षांना केला असता तर आज कुठल्या कुठे असतो.

प्रत्येक तक्रारीमागं वायरमन यायचा. शौकत त्याचं नाव. तो बटण दाबायचा, ट्यूब लागायची.

“सर, लाइट तर हाय की.”

“आत्ताच आली बघ. तू गेटातून आत आलास आणि आली.”

“मग मी हितंच ऱ्हातो की,” शौकत म्हणायचा. चहा पिऊन जायचा आणि कागदावर लिहायचा, ‘बिघाड सापडला नाही.’

इथं माझी चूक झाली. मला वाटलं, फार तर शौकत वैतागेल. पण त्या तक्रारी शौकतपाशी थांबत नव्हत्या. कंपनीचा संगणक त्या जमवत होता, आणि माणसाच्या अंगात असतो तसला संशय त्याच्या अंगात नव्हता. एकाच घराची लाइट पुन्हापुन्हा जाते आणि घरात बिघाड नाही, तर बिघाड गल्लीत असणार, असं त्यानं ठरवलं. गल्लीच्या तोंडाशी आमची डीपी आहे, म्हणजे सगळ्या घरांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. ती चांगली धडधाकट होती. संगणकानं ती बदलायचा हुकूम काढला. आणि मे महिन्याच्या ऐन दुपारी अख्ख्या गल्लीची लाइट दिवसभरासाठी बंद केली.

शेजारच्या बिरनाळे अण्णांकडे त्या दिवशी नातीच्या साखरपुड्याचे पाहुणे होते. अण्णा निवृत्त बँक मॅनेजर, तोंडानं तिखट. पातेलंभर श्रीखंड फ्रिजमध्ये आंबायच्या बेतात, पाहुणे धोतराच्या सोग्यानं वारा घेतायत. अण्णांनी गल्ली गोळा केली. “चला, आज त्यांना सोडायचं नाही.” माझ्याही दारात आले. “मोहिते सर, तुम्ही शिकलेले. पुढं व्हा.” नाही म्हणणार कसं? मी मोर्चात सामील झालो.

तक्रार केंद्रात अण्णा थेट वृषालीच्या काउंटरवर जाऊन आदळले. ती शेजारची सून आहे याचं त्यांना भान नव्हतं.

“पगार कशाचा घेता हो तुम्ही? खुर्ची गरम करायचा? लाज वाटत नाही, माणसं घरात उकडून मरायला लागलीत आणि तुम्ही हितं एसीत बसून दात दाखवताय?”

वृषालीनं ऐकून घेतलं. बोलताना त्यांची थुंकी तिच्या चेहऱ्यापर्यंत उडत होती. ती पुढं झुकली.

“सर, पाहुण्यांसमोर असं व्हावं म्हणजे किती वाईट हो. नातीचा साखरपुडा, तुम्ही किती दिवस वाट बघितली असेल.” आणि तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

तोच हात. तसंच झुकणं. डोळ्यांतही तेच, काकणभरही कमी नाही. मी अण्णांच्या मागं उभा होतो, त्यामुळे मला सगळं नीट दिसत होतं.

अण्णांचा आवाज खाली आला. ते खुर्चीत बसले आणि बायको गेल्यापासून घरात काहीच धड होत नाही, असं काहीतरी सांगायला लागले. ती ऐकत होती. शेवटी त्यांनी विचारलं, “पण ही डीपी बदला म्हणून तक्रार केली कुणी?”

वृषालीनं पडद्यावर पाहिलं. तिथं माझ्या सगळ्या तक्रारी ओळीनं असणार. तिनं मान वर करून अण्णांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“नाव सांगता येत नाही, सर. पण ज्यांनी केली ते काहीतरी अडचणीत असतील. त्यांना समजून घ्या.”

तिच्या नजरेत माझ्याबद्दल अपार माया होती. अण्णांबद्दल होती तेवढीच. मी बाहेर पडलो.

संध्याकाळी ती घरी आली, पर्स खुंटीला अडकवली.

“तुझ्यामुळं आज गल्लीभर लाइट नव्हती,” ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं.

“राग नाही आला?”

“यायला पाहिजे होता. कळतंय मला.”

“अण्णांकडे तू अगदी माझ्याकडे बघतेस तसंच बघत होतीस.”

“हो.”

“म्हणजे माझ्यात आणि त्यांच्यात तुला काही फरक नाही?”

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. “तिथं नाही. आणि इथं मला कुणाबद्दलच काही वाटत नाही.”

मी खुर्चीत बसलो. ती समोर उभी होती, जात नव्हती, बसतही नव्हती. मग म्हणाली, “पण मी तुझी वाट बघायचे. पडद्यावर आपला ग्राहक क्रमांक दिसला की मला कळायचं, आलास. वीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो माणूस समोर येऊन बसतोय आणि मला त्याच्याबद्दल वाटतंय. दिवसातनं तेवढंच. तुला परत जाताना बघून मला रडू यायचं. मग सहा वाजायचे.”

मला वाटत होतं की या घरात एकटा मी आहे. ती माझ्यापेक्षा एकटी होती, आणि ते तिला जाणवतही नव्हतं, फक्त माहीत होतं.

तिनं पर्समधून एक डबी काढली. “घरासाठीची टिकली निघालीय. मोबाइलवर चालते. स्टाफला देतायत. लावू का? तू म्हणालास तर लावते.”

मोह झाला. खूप झाला. रोज संध्याकाळी ती नजर आपल्या घरात, आपल्या टेबलावर. टोकन नको, शौकत नको. डबी तिच्या तळहातावर होती आणि मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात मला अण्णांच्या हातावरचा तिचा हात आठवला. दारात कुरिअरवाला आला तरी ती त्याच्याकडे असंच बघणार.

“नको. कामावरचीही काढून टाक.”

“काढली की मी पहिल्यासारखी होणार. ओकणारी, पायऱ्यांवर बसून राहणारी. आणि तेही लगेच नाही. आधी कित्येक महिने अशीच राहीन, दगडासारखी. तुला झेपेल?”

“झेपेल,” मी म्हणालो. माझ्यासारखे पुरुष हे फार पटकन म्हणतात.

तिनं काउंटर सोडलं आणि मागच्या खोलीत मीटरच्या नोंदी तपासायचं काम मागून घेतलं. तिथं कुणाकडे बघून हसायचं नव्हतं. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं की शरीर पुन्हा आपलं आपण बनवायला लागेल, पण कधी ते सांगता येत नाही. काहींचं लागतच नाही.

दिवाळी आली आणि गेली. ऋजुता येऊन चार दिवस राहिली आणि जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. वृषाली दारात उभी राहून हात हलवत होती. हात हलवायचा असतो हे तिला माहीत होतं.

मी तिला सांभाळत होतो. चहा करून द्यायचो, फिरायला न्यायचो, तिच्या गप्प बसण्यावर काहीतरी हलकंफुलकं बोलायचो. तिनं उत्तर दिलं नाही तर हसायचो. संध्याकाळी तिची स्कूटर वाजली की दाराआड थांबून चेहरा नीट करायचो आणि मगच कडी काढायचो. आत जे वाटायचं ते वेगळंच होतं. कंटाळा, चीड, कधीकधी तर ही बाई माझ्या डोळ्यांसमोर नको, असंही. ते दाबायचं आणि गोड बोलायचं. सकाळी मळमळायला लागलं तेव्हा मी जेवणावर ढकललं. भावनांचं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला, आपण स्वतःच्याच घरात काउंटरवर बसलोय, हे समजायला सगळा हिवाळा लागला.

एक दिवस वर्गात हृदयाची आकृती काढता काढता माझा हात थांबला आणि पुढं काही सुचेना. मी खडू ठेवून खाली बसलो. मुलं घाबरली. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं आणि ड्रॉवरमधून एक डबी काढून पुढं सरकवली. “आता शिक्षकांनाही मिळते, मोहिते. मीपण लावतो. संकोच करू नका.” त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल इतकी कणव होती की मी डबी घेतली.

रविवारी सकाळी मी बाथरूमच्या आरशासमोर टिकली कानामागं चिकटवली आणि मोबाइलवरचं बटण दाबलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग श्वास आपोआप खोल गेला. खांदे खाली आले. इतक्या महिन्यांचं ओझं कुणी तरी अलगद उतरवून ठेवावं तसं वाटलं, आणि मी स्वयंपाकघरात गेलो.

गॅसवर मंद आचेवर फोडणी ठेवून वृषाली पाठमोरी उभी राहून पोहे भिजवत होती. तिचे पांढरे झालेले केस, गाऊनची उसवलेली बाही. मला तिच्याबद्दल फार माया दाटून आली. हे खरं होतं. आजही मी ते खोटं म्हणणार नाही.

“किती करशील गं एकटीनं,” मी म्हणालो. “दमली असशील. तू बस निवांत. मी करतो सगळं.”

तिचे हात थांबले. ती वळली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग जवळ आली, माझं डोकं बोटांनी एका बाजूला वळवलं आणि कानामागची टिकली नखानं ओरबाडून काढली. कातडी सोलली गेली.

“हे माझ्यावर करायचं नाही,” ती म्हणाली.

“खोटं नव्हतं, वृषाली. मला खरंच वाटत होतं.”

“माहीत आहे. मलाही खरंच वाटायचं. त्या बिरनाळ्याबद्दलसुद्धा. म्हणूनच सांगतेय, माझ्यावर करायचं नाही.” तिचा आवाज कापत होता. मानेवर लाल डाग उमटले होते आणि भिजलेल्या पोह्यांचे हात तिनं गाऊनलाच पुसले. “माझ्याशी बोलताना तुला ते लावावं लागतं?”

ऊब माझ्या अंगातून भराभर निघून चालली होती, आणि तिच्या जागी तो जुना थकवा येत होता. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं.

“तू चिडलीयस,” मी म्हणालो.

“मग काय आरती ओवाळू?”

तिलाही ते तेव्हाच कळलं असावं, कारण तिनं आपला हात मानेवर नेला आणि तिथलं गरम लागतंय का ते पाहिलं.

“खरं सांग,” ती म्हणाली. “माझा कंटाळा आला ना तुला?”

इतके महिने मी या प्रश्नाची गोड उत्तरं तयार ठेवली होती.

“आला,” मी म्हणालो. “फार आला.”

तिनं मान हलवली. तिला वाईट वाटलं, आणि मला ते दिसलं.

“मलापण खरं सांगायचंय. टिकली होती तेव्हा तू मला खूप आवडायचास. आता तेवढा आवडत नाहीस.”

“तेवढा नाही म्हणजे किती?”

तिनं विचार केला. भाजी चाखून मीठ किती ते सांगताना करते, तसा नीट विचार केला.

“थोडा,” ती म्हणाली.

मी ओट्याला टेकून उभा होतो, तिथंच रडायला लागलो. तिनं मला जवळ घेतलं नाही. डोळे पुसले नाहीत की हातावर हात ठेवला नाही. गॅसवरची फोडणी करपायला लागली होती, ती तिनं बंद केली आणि माझ्या शेजारी तशीच उभी राहिली.